देव बघून घेईल?

रत्नागिरीत येणारे पर्यटक थिबा राजवाडा बघतात, थिबा पॉइंटवरून भाट्याच्या खाडीवरचा सूर्यास्त बघतात आणि गणपतीपुळ्याकडे निघतात. शिवाजीनगरात थिबा राजाची समाधी आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा एप्रिल १८८६ मध्ये इंग्रजांचा कैदी म्हणून इथे आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. गादीवर बसण्याआधी तो विहारात शिकला होता. बौद्ध धर्मग्रंथांच्या परीक्षेत त्याने नाव कमावलं होतं. कर्म, कर्माची फळं, पुनर्जन्म, नरकलोक हे सगळं त्याच्या अभ्यासातलं. १८७८ मध्ये तो राजा झाला आणि पुढच्याच फेब्रुवारीत मंडालेच्या राजवाड्यात त्याचे सावत्र भाऊ, बहिणी आणि त्यांची पोरंबाळं मारून टाकण्यात आली. राजघराण्याचं रक्त जमिनीवर सांडणं निषिद्ध, म्हणून मखमली पोत्यांत घालून त्यांना सोट्यांनी मारलं, अशी हकिकत सांगितली जाते.

मेल्यानंतर हिशेब द्यावा लागेल, ही श्रद्धा माणसाचा हात अडवते का? या प्रश्नावर ज्या दोन माणसांचा वाद मी ऐकत आलो, तो इथे मांडतो. काका निवृत्त सरकारी वकील. उभी हयात सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवण्यात गेली. एकादशी चुकवत नाहीत, अंगारकीला गणपतीपुळे चुकवत नाहीत. ताई महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. परलोकावर तिचा काडीइतका विश्वास नाही. तरीही वादात दोघं उलट्या बाजूंना उभे असतात. श्रद्धेने गुन्हे थांबत नाहीत, असं म्हणतात काका. थांबतात, असं म्हणते ताई.

काका : अगो, थिबाला नरकाची माहिती काय कमी होती? त्या राजवाड्यात रक्त सांडू नये हा नियम काटेकोर पाळला गेला. जीव घेऊ नये, हा नियम मोडला. श्रद्धाळू माणूस मोडतो तेव्हा असंच मोडतो. लहान नियम सांभाळतो आणि मोठा सोडून देतो. श्रावण पाळणाऱ्या माणसाने श्रावणातच, बांधाच्या भांडणावरून, सख्ख्या भावाच्या डोक्यात कोयता घातला, असा खटला मी चालवलाय. महिनाभर त्याने मासळीला हात लावला नव्हता.

ताई : काका, थिबा तेव्हा वीस वर्षांचा होता. कट त्याच्या सासूने आणि मंत्र्यांनी रचला. त्याची संमती कितपत होती, यावर अजून वाद आहे. आणि तुमच्यासमोर पिंजऱ्यात उभे राहिलेले सगळे गुन्हा करून बसलेले. भीतीपोटी ज्याने कोयता परत कोनाड्यात ठेवला, तो तुमच्यापर्यंत आलाच नाही. त्याचा खटला कोण चालवणार?

काका : हे बोलणं बरोबर आहे. पण न आलेल्या माणसाचा पुरावा तू कुठून आणणार?

ताई : तोच तर शोधण्याचा प्रयत्न झालाय. २०१२ मध्ये अझीम शरीफ आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने ६७ देशांतल्या लोकांनी श्रद्धेविषयी दिलेली उत्तरं आणि त्या देशांतले गुन्ह्यांचे आकडे ताडून पाहिले. जिथे नरक मानणारे जास्त, तिथे गुन्हे कमी. आणि नरकापेक्षा स्वर्ग मानणाऱ्यांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे गुन्हेही जास्त. गरिबी आणि विषमता यांचा हिशेब धरूनही ते नातं उरलं.

काका : दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं मी न्यायालयात म्हटलं असतं तर न्यायाधीशांनी मला खाली बसवलं असतं. डेन्मार्क, स्वीडन, जपान इथे नरक मानणारे असे किती असतील? आणि तिथे खून किती होतात?

ताई : मान्य. उलट निष्कर्षही निघालेत, तेही सांगते. १९६९ मध्ये ट्रॅव्हिस हिर्शी आणि रॉडनी स्टार्क यांनी कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला. मरणोत्तर शिक्षा मानणारी मुलं आणि न मानणारी मुलं यांच्या वागण्यात त्यांना फरक दिसला नाही. पण एक गोष्ट माझ्या मनात ठसली आहे. शरीफ आणि आरा नोरेन्झायन यांनी विद्यार्थ्यांना लबाडी करायची मोकळीक दिली. नुसता देव मानणारे आणि न मानणारे सारखेच वागले. कठोर, शिक्षा करणारा देव मानणाऱ्यांनी लबाडी कमी केली. क्षमाशील, प्रेमळ देव मानणाऱ्यांनी जास्त. तेव्हा श्रद्धा आहे की नाही एवढंच विचारून भागत नाही. त्या श्रद्धेत सुटकेची वाट किती रुंद आहे, ते विचारावं लागतं.

काकांना हे पटलं असावं, कारण त्यांनी उत्तर न देता गरुडपुराण काढलं. आपल्याकडे माणूस गेला की सुतकाच्या दिवसांत पुष्कळ घरांतून ते वाचलं जातं. तामिस्र, रौरव, कुंभीपाक. कोणत्या पापाला कोणता नरक, याची यादी. लहानपणी भिंतीला टेकून ती ऐकलेल्या माणसाला कढईतलं उकळतं तेल आयुष्यभर आठवतं.

ताई : आणि त्याच पुराणात पुढे वैतरणी येते. रक्तापुवाची नदी. ती तरून जायला गोदान. गाईचं शेपूट धरायचं आणि पलीकडे जायचं. म्हणजे ज्या पोथीने भीती घातली, तिनेच सूट दिली. पैसेवाल्या पाप्याला नरक उरलाच कुठे?

काका : इथे तू घाई करतेस. मूळ शास्त्रात प्रायश्चित्त इतकं स्वस्त नव्हतं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप फेडण्याच्या वाटा सांगितल्या आहेत. त्यांत पहिली आहे आपलं पाप उघडपणे सांगणं आणि मग पश्चात्ताप. चार माणसांत उभं राहून मी हे केलं असं म्हणणं फाशीइतकंच जड असतं. पुढे ते सांगणं गळून पडलं आणि गाय राहिली. मग गायही गेली, तिच्याऐवजी दक्षिणा आली.

ताई : म्हणजे श्रद्धेचा धाक होता तो त्या चार माणसांमुळे.

काका : असेल. पण न्यायसंस्थेने त्या धाकावर बराच काळ भिस्त ठेवली, हे मी नाकारणार नाही. मराठेशाहीत पुरावा संपला की दिव्य असायचं. रवा दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, हाताला पिशवी बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी पंचांसमोर ती सोडायची. हात भाजला तर खोटा. आज आपल्याला अंगावर काटा येतो. पण यात खरं काम कढईजवळ जाण्याआधीच होत असलं पाहिजे. ज्याला आपण खोटे आहोत हे ठाऊक आहे आणि देव निवाडा करतो हेही ज्याला पटलंय, तो पुढे येणारच नाही. तो आदल्या रात्री तडजोड करील. इंग्रजांच्या १८७३ च्या शपथ कायद्यातही याची सावली होती. पक्षकार म्हणू शकायचा, की समोरच्याने अमुक देवाची शपथ घेऊन सांगितलं तर मी मान्य करीन. १९६९ च्या कायद्यात ती सोय राहिली नाही.

ताई : मग काका, तुम्ही माझ्याच बाजूचा पुरावा देताय.

काका : थांब. आता माझा पुरावा ऐक.

इथून पुढचं काकांनी सलग सांगितलं. मीही मध्ये तोडत नाही.

मरणाऱ्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम ३२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २६ आहे. यामागचा जुना विचार असा, की मरताना माणूस खोटं बोलत नाही, ओठावर असत्य घेऊन देवासमोर जायची कुणाची छाती होत नाही. सबंध कायद्यात परलोकावर एवढी उघड भिस्त दुसरीकडे कुठे ठेवलेली मला माहीत नाही. सरकारी इस्पितळातली जळीत रुग्णांची खोली. खाटेभोवती मच्छरदाणी, अंगाला मलम, खोलीभर रॉकेलचा आणि जळल्या केसांचा वास. नायब तहसीलदार येतात, डॉक्टर कागदावर लिहून देतात की रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे. नातेवाइकांना बाहेर काढतात. मग प्रश्न : बाई, काय झालं? ती सांगते, स्टोव्हचा भडका उडाला, पदर पेटला. कुणाबद्दल तक्रार आहे का? नाही. हाताची बोटं जळालेली असतात, म्हणून जबाबावर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतात. दुसऱ्या दिवशी ती जाते. पंचनाम्यात स्टोव्ह धड असतो, त्याची टाकी कोरडी असते आणि रॉकेलचा डबा दुसऱ्या खोलीत सापडतो.

असे कागद मी हाताळलेत. त्या बायका देवभोळ्या होत्या, सोमवार, गुरुवार, संकष्टी करणाऱ्या होत्या. मरण समोर उभं होतं. कायदा म्हणतो त्या घडीला माणूस खोटं बोलत नाही. त्या बोलल्या. दाराबाहेर नवरा उभा होता, त्याच्या कडेवर पोर होतं. नवरा तुरुंगात गेला तर पोराला कोण बघणार, हा प्रश्न त्यांना चित्रगुप्ताच्या वहीपेक्षा मोठा वाटला. आणि ज्याने काडी लावली तो बाहेर उभा राहून देवाचं नाव घेत होता, हेही मी ऐकलंय. तिला परलोक अडवू शकला नाही, त्यालाही नाही.

ताई बराच वेळ बोलली नाही. मग तिने वाल्या कोळ्याची गोष्ट काढली आणि मला वाटतं, वादाचं वळण तिथे बदललं.

ताई : वाल्याने प्रत्येक खुनामागे एक खडा टाकून रांजण भरले होते. म्हणजे हिशेब तो स्वतःच ठेवत होता. पाप होतंय हे त्याला कळत होतं आणि तरी रांजण भरतच गेले. नारदाने त्याला नरकाचं वर्णन ऐकवलं नाही. घरी जाऊन विचार, माझ्या पापात वाटेकरी होता का, एवढंच सांगितलं. बायकापोरं नाही म्हणाली आणि वाल्या थांबला. तुम्ही सांगितलेल्या त्या खोलीबाहेर नवऱ्याला कुणी नाही म्हणालं असतं तर? त्याची आई, त्याचा भाऊ, शेजारचे?

काका : कुणी म्हणत नाही गो. तेच तर दुःख आहे.

ताई : का म्हणत नाही, याचंही उत्तर आता संशोधनात मिळू लागलंय आणि ते माझ्या आतापर्यंतच्या बोलण्याच्या विरुद्ध जातं. क्रिस्टिन लॉरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात शरीफही होते, २०१२ मध्येच दाखवलं, की जग चालवणाऱ्या, हस्तक्षेप करणाऱ्या देवाची आठवण ताजी असली, की ती श्रद्धा असलेली माणसं अपराध्याला शिक्षा व्हावी म्हणून स्वतः झळ सोसायला कमी तयार होतात. शिक्षेचं काम ती देवाकडे सोपवतात. आपण इतका वेळ गुन्हेगाराच्या मनात श्रद्धा काय करते ते शोधत होतो. बघणाऱ्याच्या मनात ती काय करते, ते कुणी विचारलंच नाही.

काकांना हे लागलं. त्यांच्याच श्रद्धेवर बोट ठेवलं गेलं होतं. पण त्यांनी ते झटकून टाकलं नाही, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं.

काका : एक साक्षीदार होता. स्वतःच्या गडग्यावरून त्याने सगळं पाहिलं होतं. पोलिसांना नीट सांगितलेलं. साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, मला काही दिसलं नाही, अंधार होता. मी त्याला फितूर घोषित करून घेतलं, उलटतपासणी घेतली, पण तो ढळला नाही. आरोपी सुटला. संध्याकाळी बाहेर कँटीनपाशी तो माझ्याजवळ आला. म्हणाला, वकीलसाहेब, मला त्यांच्या शेजारी राहायचंय. त्याचं त्याला भोगावं लागेल. वर कुणी सुटत नाही. हे बोलताना त्याचे डोळे भरले होते. त्याची श्रद्धा खोटी नव्हती. त्या श्रद्धेनेच त्याला घरी जायला मोकळं केलं.

ताई : आणि ईश्वराची शपथ तर त्याने सकाळीच घेतली होती.

काका : घेतली होती. खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत कैद आहे, तेही त्याला ठाऊक होतं. दोन्हींचं भय वाटलं नाही, शेजाऱ्याचं वाटलं. पण एक सांगतो, याचा दोष कर्मसिद्धान्ताच्या माथी मारू नकोस. लोकमान्य याच रत्नागिरीत जन्मले. थिबा इथे कैदेत होता त्याच काळात, १९०८ ते १९१४, ते थिबाच्या मंडालेत कैदेत होते आणि तिथे त्यांनी गीतारहस्य लिहिलं. त्यातलं दहावं प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य. कर्माचं फळ टळत नाही हे ज्यांनी मांडलं, त्यांनीच माणूस स्वतंत्र कर्ता आहे हेही मांडलं. दुसऱ्याला त्याच्या कर्माचं फळ मिळेल म्हणून मी माझं कर्तव्य टाकावं, असं त्यात कुठेही नाही. साक्ष देणं हे माझं कर्म आहे. ते न केल्याचं फळ माझ्या खात्यावर जाणार, त्याच्या नाही.

ताई : हे तुम्ही त्याला कँटीनपाशी सांगायला हवं होतं.

काका : हो.

मानवतचा विषयही निघाला होता. १९७२ ते १९७४ च्या दरम्यान परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात गुप्तधनाच्या लोभाने लहान मुली आणि स्त्रिया मारल्या गेल्या. श्रद्धा गुन्हा थांबवते म्हणणाऱ्याने ते प्रकरण विसरू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावरच राज्याने नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. पण तो विषय इथे वाढवत नाही. ती माणसं परलोकासाठी मारत नव्हती. त्यांना याच जन्मी सोनं हवं होतं.

माझं मत मी राखून ठेवत नाही. ताईच्या ६७ देशांच्या आकड्यांत तथ्य असेल. काकांच्या कोयत्याच्या खटल्यातही आहे. नरकाची भीती काहींना अडवते, काहींना नाही. ती मोजायला लागलं की हाती धड काही लागत नाही. पण परलोकाच्या श्रद्धेने साक्षीदार गप्प होतात, हे कोकणातल्या प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. भिंतीपलीकडे सुनेला मार बसतो तेव्हा आपण म्हणतो, देव बघतोय. वाळूच्या ट्रकने कुणाला उडवलं आणि ट्रक कुणाचा ते गावाला माहीत असतं, तेव्हा आपण म्हणतो, त्याला याची फळं मिळतील. हे वाक्य आपल्याला पुण्यवान वाटतं. गुन्हेगाराला त्यातून एकच गोष्ट कळते, की गावातून कुणी येणार नाही. पापपुण्याच्या गप्पांपेक्षा ही खात्री त्याचं बळ जास्त वाढवते. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा पकडले जाण्याची खात्री किती आहे याचा धाक मोठा असतो, हे इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्ये लिहून ठेवलं आणि त्यानंतरच्या अभ्यासांनी ते पुन्हा पुन्हा खरं ठरवलं. ती खात्री पोलिसांच्या हातात थोडी आहे. शेजाऱ्यांच्या हातात पुष्कळ आहे.

भीती खरी असते, हे मी नाकारत नाही. ज्याच्या गडग्याला गडगा लागून आहे त्याच्याविरुद्ध बोलणं सोपं नाही. म्हणूनच कायद्याने थोडी सोय केली आहे. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा २०१७ मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही राज्यांवर तशी योजना करण्याची जबाबदारी टाकली आहे. धमकी आली तर साक्षीदाराला स्वतः संरक्षणासाठी अर्ज करता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. समन्स घेऊन येणाऱ्या शिपायाला ते विचारा, सरकारी वकिलांना विचारा, लेखी अर्ज द्या.

देवावर श्रद्धा असेल तर ठेवा. पण समन्स आलं की त्या तारखेला न्यायालयात जा आणि जे पाहिलं ते सांगा.